सामूहिक वनहक्काचा दावा करायचाय? फॉर्म सगळ्यात शेवटी भरा

उन्हाळा लागला की मला हमखास फोन येतो, "दादा, तो सामूहिकचा फॉर्म टाक ना व्हॉट्सॲपवर." मी टाकतो, पण दरवेळी सांगतो की बाबा हा फॉर्म म्हणजे दोन पानं आहेत, दहावीतला पोरगा अर्ध्या तासात भरून देईल, आणि असा अर्ध्या तासात भरलेला दावा मग वर्षानुवर्षं प्रांत ऑफिसच्या कपाटात पडून राहतो. फॉर्म शेवटी भरायचा असतो. त्याच्या आधी काय काय करायचं ते एकदा बैजवार लिहून ठेवतो, म्हणजे दरवेळी फोनवर तेच तेच नको.

मी सांगतोय ते गडचिरोली-चंद्रपूरकडचं आहे कारण माझं फिरणं तिकडचंच. कायदा नंदुरबारला, पालघरला, मेळघाटात सगळीकडे तोच, फक्त शब्द आणि साहेब वेगळे.

आधी दोन शब्द, एवढा खटाटोप कशाला ते. आपल्याकडे जंगल राखायचं म्हणजे बरीच वर्षं एकच समज, माणूस बाहेर काढा, जंगल आपोआप राहील. १८७८ चा कायदा, मग १९२७ चा, मग १९७२ चा वन्यजीवांचा, १९८० चा वनसंवर्धनाचा. यातला एकेक वाचला तर वाईट वाटत नाही पण गावाच्या अंगावर आला तो फॉरेस्ट गार्डच्या पावतीपुस्तकातून. टोपलीसाठी बुरडाने चार बांबू तोडले की गुन्हा, आणि त्याच जंगलातून लीजवर कागद कारखान्याला बांबूचे ट्रकच्या ट्रक जायचे. मोह, तेंदू (विडीची पानं), चारोळी, डिंक, हिरडा यावर ज्यांचं अर्ध वर्ष निघतं त्यांना स्वतःच्याच शिवारात चोरासारखं जावं लागायचं. मग २००६ साली वनहक्क कायदा आला, त्याच्या सुरुवातीलाच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत, आणि कायद्याच्या नावात 'मान्यता' आहे. हा शब्द मी सगळ्यांना पाठ करायला लावतो. सरकार हक्क देत नाहीये, होताच तो मान्य करतंय. ऑफिसात बोलताना "साहेब, आम्हाला द्या" असं म्हटलं की गाडी तिथेच चुकते.

कुठला दावा करताय ते आधी ठरवा

तीन गोष्टींची खिचडी होते. एक, वैयक्तिक, म्हणजे कसत असलेल्या जमिनीचा पट्टा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा पाहिजे आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. तो फॉर्म अ. दोन, सामूहिक हक्क, म्हणजे निस्तार (घरच्या गरजेपुरतं जळतण, बांबू, चारा घेणं), गौण वनोपज (मोह, तेंदू असा लाकूड सोडून जंगलातला माल), चराई, मासेमारी, पाणी, तो फॉर्म ब. आणि तीन, सामूहिक वनसंसाधन, म्हणजे गावाच्या परंपरेच्या हद्दीतलं अख्खं जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क, कलम ३(१) मधला 'आय'. तो फॉर्म क, जो २०१२ च्या नियम दुरुस्तीत आला.

ब आणि क दोन्ही एकदम करा. नुसता ब केला तर मोह वेचायचा हक्क मिळेल पण उद्या त्याच मोहाच्या झाडांवर कुणी कूप (लाकडासाठी तोडायचा जंगलाचा पट्टा) पाडायला आलं तर तुम्ही बघत बसणार. नुसता क केला तर तुमच्या तळ्यातल्या मासेमारीवरून वाद काढणारे निघतात. जीव लावायचा तो क मध्ये, कारण जंगल कसं राखायचं हे ठरवायचा अधिकार त्यात आहे.

आणि हो, अभयारण्य असो, राष्ट्रीय उद्यान असो, वनविकास महामंडळाला दिलेलं जंगल असो, कायद्याच्या व्याख्येत ती सगळी वनजमीनच आहे, दावा करता येतो. "इथे वाघ आहे, इथे चालत नाही" असं तोंडी सांगणारे भेटतात. त्यांना म्हणायचं, लेखी द्या. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

ग्रामसभा कोणाची?

इथे निम्मे दावे मरतात. गट ग्रामपंचायत असेल, तिच्यात पाच गावं आणि दोन टोले असतील, तर ग्रामसेवक २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर एक मोठी ग्रामसभा घेतो, विषयपत्रिकेत घरकुल, पाणीपट्टी, रस्त्याचे दिवे आणि सतराव्या नंबरवर 'वनहक्क समिती गठित करणे'. दावे घेऊन जागेवर तपासणारी ती समिती मग पाच गावांची मिळून एक, आणि त्यात तुमच्या गावचा एकच माणूस, तोही सही करून घरी गेलेला. असं करू नका. या कायद्यातली ग्रामसभा म्हणजे त्या एका गावातली सगळी प्रौढ माणसं. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा लागू आहे तिथे) तर टोला, पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून धरता येतो. ग्रामपंचायतीने सभा बोलवायची हे खरं, पण सभा गावाची, गावात, गोटूलात (गोंडांच्या एकत्र बसायच्या जागी) नाहीतर शाळेच्या ओट्यावर.

कोरम बघा. निम्मी प्रौढ माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत कमीत कमी तिसरा हिस्सा बाया. दाव्याचा ठराव घ्यायच्या दिवशी दावेदारांपैकी निम्मे तरी बसलेले पाहिजेत. रोवणीच्या दिवसात सभा ठेवली तर हे जमणार नाही, आणि तेंदूच्या दिवसात तर गावात कुत्रंही सापडत नाही, सगळी पहाटे तीनला जंगलात. त्यामुळे दिवाळीनंतर धान मळून झाला की धरा, माघापर्यंत निवांत वेळ असतो.

वनहक्क समिती १० ते १५ जणांची. आदिवासी गाव असेल तर दोन तृतीयांश आदिवासी, आणि एक तृतीयांश बाया. हे आकडे कायद्याचे, आता माझा आकडा ऐका. समितीत शिकलेले दोघं पुरेत, एक लिहिणारा आणि एक मोबाइल चालवणारा. बाकी सगळे जंगलात फिरणारे घ्या. गुरं राखणारा, मध काढणारा, खेकडे धरणारा, आणि मोह वेचणाऱ्या बाया तर हव्याच हव्यात, कारण कुठला मोह कोणाच्या घरचा हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं, ते कुठल्याच कागदावर नाही. सरपंचाच्या पुतण्याला घेऊ नका असं नाही म्हणत पण तो जंगलात शेवटचा कधी गेला होता ते विचारा.

समिती झाली की अध्यक्ष-सचिव निवडून उपविभागीय समितीला म्हणजे प्रांतसाहेबांना पत्र. आणि ग्रामसभेने दावे मागवायचा ठराव केला की तिथून तीन महिन्यांची मुदत धरतात, लागली तर ग्रामसभा कारण लिहून वाढवू शकते.

आता चाला

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि लोक सगळ्यात जास्त इथेच चुकारपणा करतात. नकाशा काढायचा म्हणजे तलाठ्याकडे जाऊन नकाशाची झेरॉक्स आणायची आणि पेनने गोल करायचा, असं नाही. गावाची हद्द चालायची. दोन दिवस लागतील, चार लागतील.

एका गावात आम्ही असे निघालो होतो, फेब्रुवारी होता, पळस फुललेला. सोबत दोन म्हातारे, त्यातल्या एकाला धड दिसत नव्हतं, नातवाचा हात धरून चालत होता. माझ्या मोबाइलमध्ये जीपीएस ट्रॅक चालू, मी मोठ्या हुशारीने म्हणतोय की कक्ष (वनविभागाने पाडलेला जंगलाचा तुकडा) नंबर अमुक इथे संपतो, तो बघा मुनारा (हद्दीचा खांब), वर पांढऱ्या रंगात नंबर. आजा मुनाऱ्याजवळ थांबलाच नाही, पुढे गेला, एका नाल्यात उतरला, तिथे एक जुना अर्जुन होता (आमच्याकडे कहू म्हणतात), त्याच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाला, इथपर्यंत आमचे बैल, पलीकडे त्यांचे. बुंध्याशी शेंदूर लावलेले तीन दगड. दरवर्षी दोन्ही गावं तिथे पूजा करतात, एक इकडून, एक तिकडून. मुनाऱ्यापासून ती जागा चांगली पाऊण किलोमीटर पुढे. म्हणजे मी झेरॉक्सवर गोल केला असता तर तेवढं जंगल कागदावरूनच गेलं असतं, आणि त्यात गावाचं पाणी होतं.

तर चालताना हे धरा. नाले, पहाडीचं डोकं, जुने मोह, देवाच्या जागा, मसणवट, बोड्या (छोटी तळी), मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या उठलेल्या गावाच्या खुणा, गुरं बसायची जागा, कंद काढायची जागा, वैदू औषधी आणतो ती जागा. प्रत्येक ठिकाणी मोबाइलने पॉइंट घ्या, फोटो घ्या, आणि वहीत त्या जागेचं गावातलं नाव लिहा, गोंडीत असेल तर गोंडीत, नंतर कंसात मराठी करू नका, तेच नाव नकाशावर टाका. नावं हा फार मोठा पुरावा असतो, खोटं बोलून शंभर नावं कोणी आणू शकत नाही. पॉवर बँक घ्या, मोबाइल दुपारीच मरतो. ट्रॅक घरी आल्यावर गुगल अर्थवर टाकून बघा, आजाच्या पायाने काढलेली रेघ आणि नाल्याची रेघ एकमेकीवर बसलेली दिसते तेव्हा समितीतल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

शेजारच्या गावाला चालायच्या आधीच सांगा, आणि हद्दीवर त्यांची माणसं बोलवा. वनविभागाशी भांडण होईल म्हणून सगळे घाबरतात, मी मात्र जास्त दावे अडकलेले बघितले ते शेजारच्या गावाशी वाद लागल्यामुळे. नियमातच आहे, दोन गावांच्या हद्दी एकमेकींत घुसल्या तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून काय ठरलं ते लेखी द्यायचं. एखादा पट्टा दोघांचाही असेल तर तसंच लिहा, वाटून घ्यायची काही जबरदस्ती नाही, फॉर्म क मध्ये दुसऱ्या गावाबरोबर सामाईक काय आहे ते लिहायला सांगितलेलंच आहे. दिवाळीनंतर येणारे मेंढपाळ असतील तर त्यांचंही लिहा. ते मत देत नाहीत म्हणून त्यांना कोणी विचारत नाही, मग पुढच्या वर्षी काठ्या निघतात.

पुरावे किती आणि कुठले

कमीत कमी दोन. लोक शंभर पानांची फाइल करतात, काही गरज नाही, पण दोन पक्के पाहिजेत.

पहिला, म्हाताऱ्या माणसांचा जबाब, लिहून काढलेला. दावेदार सोडून दुसऱ्या वयस्कर माणसाचा. ऑफिसात याला नाक मुरडतात पण नियम १३ मध्ये तो पुरावा म्हणून स्पष्ट लिहिलाय. जबाब घेताना "आम्ही अनादी काळापासून वनावर अवलंबून आहोत" असलं छापील काही लिहू नका, प्लीज. असं लिहा की माझा बाप कुठल्या पहाडीवर चारोळी काढायचा, कुठल्या डोहात कुठल्या महिन्यात मासे धरायचे, दुष्काळात कुठले कंद खाल्ले, पहिल्यांदा दंड कोणत्या साली भरला.

दुसरा, निस्तारपत्रक. आमचा भाग जुन्या मध्य प्रांतातला, मालगुजारीचा, त्यामुळे इथे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशी दोन कागदपत्रं निघतात ज्यात गावाने कुठून जळतण आणायचं, कुठे गुरं चारायची, बांबू किती घ्यायचा हे लिहिलेलं असतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करा. "सापडत नाही" म्हणाले तर "सापडत नाही" असं लेखी मागा, दुसऱ्या आठवड्यात सापडतं, अनुभव आहे. कोकणात किंवा खानदेशात हे कागद नसतील, तिकडे जुना गॅझेटियर, जनगणना, वनविभागाचा स्वतःचा वर्किंग प्लॅन (कार्य आयोजना, म्हणजे जंगलात कुठे कधी काय करायचं त्याचा आराखडा), कोंडवाड्याच्या पावत्या वापरा. आणि एक गंमत सांगतो, गावातल्या पेट्या उघडा, वनविभागाने फाडलेल्या दंडाच्या पावत्या बाहेर काढा. तुमच्या आज्याने १९७० साली त्या जंगलात गुरं चारली याचा याहून पक्का पुरावा कुठला? त्यांच्याच सहीचा आहे.

वनविभागाचे आणि महसूलचे नकाशे, मतदार यादी हे उपविभागीय समितीने तुम्हाला पुरवायचं असतं. मागा. आणि उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही म्हणून दावा नाही असं कोणी म्हणालं तर २०१२ चे नियम दाखवा, उपग्रहाचा फोटो पुरवणी म्हणून चालतो, बाकीच्या पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

गावात बिगर आदिवासी घरं असतील, म्हणजे ढिवर, कुणबी, बुरड, तर एक प्रश्न हमखास येतो, तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा. तो राहिवासाचा आहे, ७५ वर्षं तीच जमीन कसल्याचा नव्हे. हा गोंधळ मुद्दाम केला जातो की चुकून, देव जाणे.

आता भरा फॉर्म

झालं, आता खरंच अर्धा तास. गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, ग्रामसभेच्या लोकांची यादी, नकाशा, कक्ष क्रमांक किंवा सर्व्हे नंबर, चारी बाजूची गावं, पुराव्यांची यादी. यादीत नावापुढे आदिवासी की इतर ते लिहा. क्षेत्र हेक्टरमध्ये लिहिताना उगीच गोल आकडा लिहू नका, ५०० लिहिलंत की मनाने लिहिलं हे कळतं.

मग पडताळणी. समितीने जागेवर जायचं, आणि वनविभाग व महसूल दोघांना लेखी कळवायचं की अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी. पत्र हातात नुसतं देऊन येऊ नका. तुमच्याकडच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही, तोपर्यंत टेबलासमोरून हलायचं नाही. मी एका गावाचं पत्र असंच विश्वासाने देऊन आलो होतो, पडताळणीला कोणी आलं नाही, वर्षाने हरकत आली की आम्हाला कळवलंच नव्हतं, आणि माझ्याकडे पोच नाही. गावातल्या लोकांनी मला काही म्हटलं नाही, चहा दिला, तेच जास्त लागलं.

पोच असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ते आले नाहीत आणि नंतर "आम्ही हजर नव्हतो" म्हणून हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो, आणि दुसऱ्यांदाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय पक्का. आले तर चांगलंच, त्यांची सही, हुद्दा, तारीख आणि शेरा तिथल्या तिथे पंचनाम्यावर घ्या, "ऑफिसला जाऊन करतो" चालणार नाही. सगळेच आडमुठे असतात असं नाही हां, एका वनरक्षकाने आम्हाला स्वतःहून जुन्या जाळरेषेची (आग पसरू नये म्हणून साफ केलेल्या पट्ट्याची) आणि दोन झऱ्यांची जागा दाखवली होती, ती आमच्या नकाशात राहिली होती.

मग ग्रामसभेत सगळं वाचून दाखवायचं. अक्षरशः वाचायचं, मोठ्याने, गोंडीत समजावून. ठराव, सह्या, अंगठे. तीन सेट करा, एक प्रांत ऑफिसला, एक गावात, एक तालुक्याच्या गावी कोणा विश्वासातल्या माणसाकडे, कारण पुरात आणि वाळवीत फाइली जातात.

वर गेल्यावर

उपविभागीय समिती तपासते, जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती निर्णय घेते. दावा कमी करायचा किंवा नाकारायचा वाटला तर आधी कारण देऊन ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो, परस्पर कात्री लावायची नसते. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत जिल्ह्याकडे. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर जिल्ह्याच्या निर्णयावरही विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं, ही गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. आणि दर महिन्याला एक स्मरणपत्र. कंटाळा येतो, माहीत आहे. तरी द्या, पोच घ्या.

हक्कपत्र हातात आलं की कार्यक्रमात फोटो काढायच्या घाईत सही करून मोकळे होऊ नका, आधी वाचा. क्षेत्र तेवढंच आहे का, कक्ष क्रमांक बरोबर आहेत का, 'आय' कलम लिहिलंय का की नुसतं निस्तारावर भागवलंय, हक्कपत्र ग्रामसभेच्या नावावर आहे की वनविभागाने बनवलेल्या जुन्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या, आणि खाली "वनविभागाच्या कार्य आयोजनेस अधीन राहून" अशा शेपट्या जोडल्यात का. शेपटी असेल तर त्याच आठवड्यात ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्ती मागा. आणि मान्य झालेला हक्क तीन महिन्यांच्या आत महसूल आणि वन दोन्हीकडच्या नोंदवह्यांत चढला पाहिजे, त्याच्या मागे लागा, नाहीतर दहा वर्षांनी नवा साहेब येतो आणि त्याच्या नकाशात तुम्ही नसताच.

कागद आला म्हणजे बांबू विकला असं नाही

मेंढा-लेखाचं उदाहरण सगळे देतात, धानोरा तालुक्यातलं गोंड गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' वालं. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं ऐकली असतील. त्यांना २००९ साली, देशात सगळ्यात आधी मिळालेल्यांमध्ये, जवळपास १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. पण त्यानंतर काय झालं ते लोक विसरतात. बांबू तोडायला हक्क होता, बाहेर न्यायला वाहतूक परवाना मात्र वनविभाग देईना. बांबू गवत की झाड यावर वाद. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात गेलं. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजात पहिल्यापासून लिहिलेला होता, तरी दीड वर्ष गेलं. आता २०१२ च्या नियमांनुसार परवाना ग्रामसभेच्या समितीनेच द्यायचा, आणि गौण वनोपजावर रॉयल्टी, फी काही नाही.

तेव्हा हक्कपत्र मिळाल्यावर लगेच वेगळी व्यवस्थापन समिती करा, ग्रामसभेचं बँक खातं, पॅन, लागेल तसा जीएसटी नंबर. दोन सह्यांचं खातं, त्यातली एक बाईची. हे मी नैतिक म्हणून सांगत नाहीये, ज्या गावात बाईची सही होती तिथे हिशेब जुळताना बघितलाय एवढंच.

मग जंगलाचे नियम. वनविभागाच्या आराखड्याची भाषा आणू नका, सभेत बसून साधे नियम करा, कोणता महिना कशाला बंद, फळझाड तोडायचं नाही, रात्री जंगलात कुऱ्हाड नाही, आग लागली तर कुठल्या टोल्याने कुठे धावायचं, राखणीला रोज कोण दोघं जाणार, दंड किती आणि तो कोणाकडे जमा. मेंढा गावाने मधमाशा न मारता मध काढायची पद्धत बसवली. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदू तोडणंच बंद केलं, कारण तेंदूसाठी झाडं छाटतात, आगी लावतात, आणि त्यांचं बांबूवर भागत होतं. अमरावतीकडे पायविहीर आहे, उजाड टेकडी राखली आणि आता सीताफळं विकतात. तिघांचे नियम तीन तऱ्हेचे. तुमच्या गावाचं पोट कशावर आहे ते बघून ठरवा, पाचगाव बघून आलात म्हणून घाईने तेंदू बंद करू नका. ज्या घरात जूनचं बियाणं आणि पोरांच्या वह्या तेंदूच्या पैशात येतात तिथे आधी दुसरं काहीतरी उभं राहू द्या.

तेंदू चालू ठेवणार असाल तर ठेकेदाराशी करार हंगामाच्या आधी, लेखी, ग्रामसभेत वाचून. ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, दर गोणीला किती, मजुरी किती, ग्रामसभेचा हिस्सा किती, पैसे कुठल्या तारखेला, अनामत किती. अनामत घेतल्याशिवाय पहिला पुडा फळीवर (पुडे मोजून घ्यायच्या जागेवर) येऊ द्यायचा नाही. फळीवर मुन्शी (पुडे मोजून घेणारा) पुडे हातात घेऊन चाचपतो आणि "यात पानं कमी आहेत" म्हणून शेकड्यामागे चार-पाच पुडे बाजूला टाकतो, ते बाजूला टाकलेले पुडे संध्याकाळी गोणीतच जातात. त्यामुळे मुन्शी ठेकेदाराचा असेल तर मोजणारा गावाचा ठेवा, आणि वही दोघांची.

वाघाचंही सांगतो, कारण आमच्याकडे मोहाच्या दिवसात हीच भीती. मोह वेचणारी बाई वाकलेली असते, पहाटेची वेळ, एकटी. जाळ्या लावा, फूल जाळीवर पडलं की वाकून वेचावं लागत नाही आणि मोह स्वच्छ राहतो, भावही बरा येतो. टोळीने जा. आणि झाडाखालचा पाला जाळायची सवय जाळीमुळे आपोआप सुटते, जंगलातल्या बऱ्याच आगी तिथूनच लागतात.

परवान्याचं पुस्तक छापून घ्याल तेव्हा तीन प्रतींचं छापा, तीन रंगांत, ओळीने नंबर टाकलेलं. पांढरी ट्रकवाल्याला, पिवळी वनविभागाच्या ऑफिसला पोच घेऊन, गुलाबी पुस्तकात. माल, नग किंवा गोणी, गाडी नंबर, कुठून कुठे, किती वाजता निघाली, किती तारखेपर्यंत चालेल. खाली ग्रामसभेचा गोल शिक्का. खाडाखोड झाली तर पान फाडायचं नाही, 'रद्द' लिहून तिन्ही प्रती तिथेच ठेवायच्या. एकदा नाक्यावर गाडी अडवली होती आमची, रात्री अकराला, आणि नाक्यावरच्या माणसाने ग्रामसभेचा परवाना जन्मात बघितला नव्हता. सचिव पोरगी, बावीस-तेवीस वर्षांची, पुस्तक घेऊन मोटरसायकलवर मागे बसून आली, गुलाबी प्रत काढून पांढरीशी जुळवून दाखवली, नियमाची झेरॉक्स काढून त्याच्या हातात दिली. अर्ध्या तासाने गाडी सुटली. ती झेरॉक्स तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानाला स्टेपल करून ठेवतो, तुम्हीही ठेवा.